परत आलेल्या मुलीचा फाटा

राजनंदिनी जगदाळे हिला एका जागी बसता येत नाही, आणि बसलीच तर तिचा उजवा पाय बसत नाही. तो टेबलाखाली हलतच असतो. "पाय हलवू नये, लक्ष्मी जाते," असं देवासच्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं तिला लहानपणापासून सांगून बघितलं. मुळात लक्ष्मीच त्या घरात फारशी थांबलेली नव्हती, तेव्हा ती नक्की कुणामुळे गेली ते कळायला मार्ग नव्हता. पाय हलत राहिला. हॉटेलात गेली तर ही बाई मेन्यूकार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार, डोसा मागवणार, आणि डोसा आला की शेजारच्या टेबलावरच्या उत्तप्प्याकडे बघत बसणार. देवासहून इंदूरला जाताना एकदा बायपासनं, एकदा गावातून. ज्या रस्त्यानं गेली नाही त्या रस्त्यावर आज गर्दी कमी असणार, ही रुखरुख तिला घरी पोचेपर्यंत पुरते.

असल्या माणसाला देवानं काम कोणतं द्यावं? फाटे काढायचं!

इंदूरच्या एका कंपनीत ती नोकरी करते. ही कंपनी असे व्हिडिओ बनवते जे मध्येच थांबतात आणि बघणाऱ्याला विचारतात, "आता तुम्ही काय कराल?" पडद्यावर दोन-तीन बटणं येतात, आणि तुम्ही दाबाल तसा पुढचा व्हिडिओ सुरू होतो. धामनोदच्या बाजूनं माल नेणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी तिनं एक केला होता. घाटात ब्रेक तापलेत. गाडी बाजूला घेणार, की गिअर उतरवून पुढे जाणार, की मालकाला फोन लावणार? शूटिंग करणारे शूटिंग करतात, नट नटतात. पण कुठल्या बटणानंतर कुठला प्रसंग, तिथून पुढे कुठं, हा सगळा नकाशा राजनंदिनीचा. तिच्या कॉम्प्युटरवर चौकटीच चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण. एक चौकट म्हणजे एक प्रसंग. एखाद्या चौकटीतून बाहेर जायला वाट ठेवली नाही, की ती आपोआप लाल होते. बघणारा तिथं पोचला की व्हिडिओ गोठतो, आणि माणूस बंद गल्लीत उभा राहिल्यासारखा फोनकडे बघत राहतो. नकाशात लाल चौकट असली की राजनंदिनीला जेवण जात नाही.

ती कामात हुशार आहे. स्वतःच्या आयुष्यातले फाटे मात्र तिनं डोळे मिटून घेतले, असं तिची आई म्हणते. बडोद्याचं स्थळ आलं, ती हो म्हणाली, गेली. आणि एका दिवाळीला दोन बॅगा घेऊन आली ती परत गेलीच नाही. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. कोर्टाचा कागद झाला. त्याच्या आदल्या वर्षी वडील वारले होते. भाऊ नाही. तेव्हापासून देवासच्या घरात त्या दोघी मायलेकीच.

गेल्या वर्षी नवरात्र झाल्यावर बेंगळुरूहून तिच्या चुलतभावाचा, शुभंकरचा, फोन आला.

"ताई, तू कंपन्यांसाठी एवढे व्हिडिओ बनवतेस, हमारे लिए भी एक बना दे ना. कुळाचाराचा. मला चंपाषष्ठीला तळी भरायचीय, पण काय करतात काहीच मालूम नाही. मराठीतलं पुस्तक आहे, पण वाचता येतं कुणाला?"

जगदाळ्यांचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला तांब्याच्या ताम्हणात भंडारा, खोबरं, विड्याची पानं, सुपारी ठेवतात, घरातले पुरुष चहूबाजूंनी ताम्हण धरतात आणि येळकोटाचा गजर करत वर उचलतात, ती तळी. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेलं हे मराठा कुटुंब आता पुण्यापासून दुबईपर्यंत पांगलेलं, आणि पोरं सगळी हिंदी शाळेतली. कल्पना सगळ्यांना आवडली. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे प्रमुख तात्या. ते तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून ग्रुपवर रुजू झालेले. त्यांनीही अंगठा दाखवून संमती दिली.

आता कुळाचार सगळा ज्यांना ठाऊक, त्या एकच: धारच्या थोरल्या काकीसाहेब. इंदिराबाई. थोरल्या घराचा देव त्यांच्याकडे. हाउसिंग बोर्डाच्या तीन खोल्यांतल्या मधल्या खोलीत, फ्रिजच्या शेजारी, संगमरवरी देव्हाऱ्यात खंडोबाची मूर्ती ठसवलेला चांदीचा टाक उभा असतो. राजनंदिनी दर शनिवारी देवासहून इंदूर, तिथून गंगवाल स्टँडवरून धारची बस, अशी जाऊ लागली. लॅपटॉप मांडीवर, पाय चालू.

तिला वाटलं होतं, दोन शनिवारांत आटपेल. कसलं काय! काकीसाहेबांचं एक उत्तर सरळ नाही.

"रोडगे बाजरीचे."

"आणि बाजरी नसेल तर?"

"मग ज्वारीचे. पण ज्वारीचे केले तर भरताला पातीचा कांदा हवाच."

"कांद्याची पात नसेल तर?"

"का नसेल? बाजारात जा की, बाई!"

एक रोडगा कुत्र्याला घालायचा, कारण कुत्रा खंडोबाचा. हे ग्रुपवर जाताच शुभंकरचा मेसेज: "ताई, मी चौदाव्या मजल्यावर राहतो. सोसायटीत कुत्रे अलाउड नहीं. क्या करूं?" काकीसाहेबांनी फोन हातात घेऊन आवाजी संदेश पाठवला, "खाली उतरावं." चौकट जोडली गेली. सुतक असेल तर वेगळा फाटा, देवाचा टाक नसून नुसता फोटो असेल तर वेगळा, परदेशात पानं मिळत नसतील तर वेगळा. देवपूजेची वेळ विचारली तर म्हणाल्या, "आपल्याकडे पूजा संध्याकाळी." सगळ्या जगात देवाची पूजा सकाळी होते, जगदाळ्यांकडेच संध्याकाळी का, हे तात्यांनाही माहीत नव्हतं. "आपली परंपरा आहे," एवढंच ते म्हणाले. तिनं तेही लिहून घेतलं, आणि त्या आठवड्यापासून पुण्यातही कुणीतरी संध्याकाळची पूजा सुरू केली.

कौलाचाही भाग होता. मोठ्या गोष्टी देवाला विचारायच्या. टाकाच्या दोन्ही अंगांना झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न मोठ्यानं म्हणायचा, आणि कुठली आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. राजनंदिनीनं लगेच होकाराचं बटण पडद्याच्या उजवीकडे टाकलं. काकीसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे काय? उजवं म्हणजे देवाचं उजवं. तो आपल्याकडे तोंड करून बसलाय ना? म्हणजे आपलं डावं."

राजनंदिनीनं जीभ चावली आणि बटणं अदलाबदल केली. बदल्यात तिनं काकीसाहेबांना आपल्या धंद्यातली एक गंमत सांगितली. काही फाटे खोटे असतात. ट्रकवाल्यांच्या व्हिडिओत सुरुवातीला ढाबेवाला विचारतो, चहा घेणार की लस्सी? काहीही दाबा, पुढे तोच घाट येतो. बघणाऱ्याला वाटतं आपण निवडलं. नेणाऱ्यानं मात्र स्वतःला हवं तिथंच नेलेलं असतं.

"म्हणजे दोन्हीकडून तिथंच?"

"तिथंच."

"लबाडच की गं तुम्ही!" म्हणत काकीसाहेब पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या. एवढं हसण्यासारखं त्यात काय आहे ते राजनंदिनीला कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट. व्हिडिओच्या सुरुवातीलाच प्रश्न होता, "आपण कोण?" बटणं चार. मुलगा. सून. लग्न न झालेली मुलगी. लग्न होऊन गेलेली मुलगी. पहिल्या तिघांना आपापली वाट होती. चौथीला काकीसाहेबांनी सांगितलेला निरोप होता: तुझा कुळाचार आता सासरचा, इथं देवाला नमस्कार कर आणि प्रसाद घे. रीत होती ती.

राजनंदिनीनं नकाशा तपासायला घेतला. या कामात तपासायचं म्हणजे प्रत्येक वाट स्वतः चालून बघायची. शुभंकर होऊन चालली, आई होऊन चालली, दुबईची सून होऊन चालली. सगळं बिनचूक. मग स्वतः होऊन चालायला गेली आणि पहिल्याच प्रश्नाशी तिचं बोट अधांतरी राहिलं. ती कोण? तिनं पाचवं बटण केलं: परत आलेली मुलगी. त्याच्यापुढे चौकट काढली. चौकटीत काय लिहायचं ते तिला माहीत नव्हतं. चौकट लाल झाली.

त्यानंतरचे शनिवार वाईट गेले. ती धारला जायची, बाजरीबद्दल विचारायची, भंडाऱ्याबद्दल विचारायची, ताकाला जाऊन भांडं लपवायची. मग निघता निघता म्हणायची, "आणि काकीसाहेब, त्या पाचव्या बटणाचं?"

"बघू," काकीसाहेब म्हणायच्या आणि गवार मोडत राहायच्या.

बघू म्हणजे नाही. हे तिला ठाऊक होतं. बडोद्यात प्रत्येक नकाराला बघूच म्हणत. परतीची बस घाटाबिल्लोदला थांबली की तिला वाटायचं उतरावं, परत जावं, पदर धरून विचारावं, की मी तुमची आहे का नाही? बेटमा आलं की वाटायचं हा व्हिडिओच पुसून टाकावा. देवासच्या घरात वडील गेल्यापासून तळी उचलली गेली नव्हती. चंपाषष्ठीला आई ताम्हण घासून लख्ख करायची, ओट्यावर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर टाकायची. राजनंदिनीला ते ताम्हण उचलायचं होतं. तेवढंच हवं होतं तिला. आणि नेमकं तेच तिला मागवत नव्हतं, म्हणून ती बाजरीचं विचारायची.

चंपाषष्ठी तोंडावर आली तसा शुभंकरनं उत्साहाच्या भरात अख्खा नकाशा ग्रुपवर टाकला. हिरव्या चौकटींच्या त्या जंगलात एकच लाल. तात्यांना दुसरं काही दिसेल तर शपथ!

"ते लाल काय आहे?" त्यांनी लिहिलं.

राजनंदिनीनं सांगितलं.

तात्यांनी भलामोठा संदेश पाठवला. त्यांचं म्हणणं असं की दिल्या घरची लेक ती दिल्या घरची. कोर्टाच्या कागदानं नवरा सुटतो, गोत्र परत येत नाही. नंदीबद्दल आम्हा सर्वांना माया आहे. पण नियम म्हणजे नियम. ती चौकट काढून टाकावी.

काढायला तिला एक बटण पुरलं असतं. तिनं बोट ठेवलंही. पाय असा हलत होता की टेबलावरचा पेला किणकिणायला लागला. आई आतून म्हणाली, "नंदे, पाय."

तेवढ्यात धारहून आवाजी संदेश आला. काकीसाहेबांचा. "तात्या, तुम्ही नका सांगू आणि मी नको सांगायला. देवाला विचारू. उद्या संध्याकाळी पूजेच्या वेळी कौल लावते. सगळ्यांनी फोनवर यावं."

तात्यांना हे पटलं. पटणारच, देव नियमाबाहेर जाईल अशी शंका त्यांना का यावी? राजनंदिनीनं मात्र तो संदेश पुन्हा पुन्हा ऐकला. माणसं नाही म्हणाली तर निदान भांडता येतं. देव नाही म्हणाला तर कुणाच्या दारात जायचं? आणि काकीसाहेबांचा तिला राग आला. इतके शनिवार बघू-बघू केलं, आणि शेवटी स्वतःच्या अंगाला लावून न घेता पाकळ्यांवर ढकललं! दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती बसमध्ये बसली तेव्हा तिनं ठरवलं होतं, नकार आला तर तिथंच लॅपटॉप उघडायचा, चौकट पुसायची आणि पुन्हा धारची पायरी चढायची नाही.

संध्याकाळी काकीसाहेबांनी अंग धुतलं, सोवळं नेसल्या, समई लावली. राजनंदिनीनं फोन देव्हाऱ्यासमोर खुर्चीला टेकवून उभा केला. पडद्यावर लहान लहान चौकटींत कुटुंब जमलं: मफलर गुंडाळलेले तात्या, ऑफिसातूनच आलेला शुभंकर, पुण्याची मंडळी, कोपऱ्यात देवासहून आई. आईनं डोक्यावर पदर घेतला होता.

"नंदी, पाय," काकीसाहेब मागं न बघताच म्हणाल्या.

तिनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला.

काकीसाहेबांनी पाकळ्या पाण्यात बुडवून टाकाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मल्हारी मार्तंडा, जगदाळ्यांच्या कुळस्वामी! आमची राजनंदिनी घरी आली आहे. देवासच्या घराची तळी तिनं ह्या वर्षी उचलावी असं तुझ्या मनात असेल तर उजवं दे. पुढच्या वर्षीपासून उचलावी असं असेल तर डावं दे."

राजनंदिनीनं मान वर केली. चहा की लस्सी! तिच्या घशातून हसू आणि हुंदका एकदमच वर आले, आणि काय बाहेर पडतंय ते न कळल्यामुळे तिनं, पदर नव्हता म्हणून, कुर्त्यावरची ओढणीच तोंडात कोंबली.

"इंदिरावहिनी," तात्यांच्या चौकटीतून आवाज आला, "प्रश्न असा नव्हता—"

"कौल लागलाय, तात्या. आता बोलू नये."

कौल लागल्यावर बोलू नये, हा नियम. तात्या नियमाचे.

पाकळ्या पडेनात. समईची ज्योत हलली, फ्रिज घरघरून थांबला, बाहेर कुणाच्या तरी मोटरसायकलनं किक खाल्ली. राजनंदिनीला आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही फाट्याची घाई नव्हती, आणि तरी ती मनात घोकत होती. ह्या वर्षी. देवा, ह्या वर्षीच. उद्या चंपाषष्ठी, ताम्हण घासून ठेवलेलं असेल.

पाकळी पडली.

"राइट! राइट!" शुभंकर फोनमधून ओरडला. "ताई, राइटवाली गिरी! ह्याच वर्षी!" पुण्यानं टाळ्या वाजवल्या. आईच्या चौकटीत पदर डोळ्यांना लागला.

राजनंदिनीनं टाळी वाजवली नाही. तिला कळलं होतं.

"आपलं उजवं ते," काकीसाहेब शांतपणे म्हणाल्या. "देवाचं डावं. पुढच्या वर्षी."

टाळ्या विरल्या. तात्यांनी घसा खाकरला. एवढ्यावर तरी समाधान मानावं असा त्यांचा चेहरा झाला. राजनंदिनीच्या मनात उद्याचं ताम्हण पुन्हा माळ्यावर गेलं. एक वर्ष. तिला एक बस चुकली तर चैन पडत नाही.

काकीसाहेबांनी पडलेली पाकळी उचलून डोळ्यांना लावली. भिंतीचा आधार घेत, गुडघ्यावर हात देत उठल्या. पंच्याऐंशीच्या पुढचं वय, एक डोळा ऑपरेशन झालेला, दुसरा करायचा नाही म्हणून ठरवलेला.

"घ्या," त्या देवाकडे बघून म्हणाल्या. "म्हणजे मला अजून एक वर्ष जगणं आलं. हिला तळी शिकवल्याशिवाय कशी जाऊ?"

फोन बंद झाल्यावर मधल्या खोलीत दोघीच राहिल्या. राजनंदिनीनं लॅपटॉप उघडला, लाल चौकटीत काहीतरी लिहिलं, बाण ओढला. चौकट हिरवी झाली. मग ती म्हणाली, "काकीसाहेब, तुम्ही देवाला खोटा फाटा दिलात."

"तुझ्या त्या व्हिडिओवरनं शिकले असं वाटलं होय तुला?" काकीसाहेब निरांजनात वात घालत होत्या. "तुझे काकासाहेब गेले तेव्हाची गोष्ट. ह्याच तात्यांचे वडील म्हणाले, विधवेनं टाकाला हात लावावा की नाही, देवाला विचारा. मी विचारलं. देवा, तुझी पूजा मी सकाळी करू, की संध्याकाळी?"

राजनंदिनीनं लॅपटॉप मिटला.

"तेव्हाही डावंच पडलं," काकीसाहेब म्हणाल्या. "म्हणून संध्याकाळी करते. चल, हात धू. तळीचं पुढच्या वर्षी. आजच्या पूजेचं काही कुणी विचारलेलं नाही."